चष्मेवाल्याच्या गाडीची चेन

त्याचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं तेही वापरत नसत. सगळ्यांचा तो चष्मेवाला. मोटारसायकलच्या मागे लाकडी पेटी बांधायची, पेटीत काड्या, काचा, बारीक स्क्रू, नाकावर बसणाऱ्या रबरी गाद्या, आणि खडीच्या खाणींच्या रस्त्याने एकेक वस्ती करत फिरायचं. ज्यांना शहरातल्या दुकानापर्यंत जाणं झेपत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांचे चष्मे त्यांच्या उंबऱ्यावर बसून नीट करून द्यायचे. मोडलेली काडी दोऱ्याने कानाला बांधून बसलेला माणूस त्याला लांबूनच ओळखू यायचा. बोलायला मिठ्ठास. एखादी आजी म्हणाली, "बाबा, तू दिलेल्या चष्म्यातून एक अक्षर दिसत नाही," की हा शांतपणे म्हणायचा, "आजी, चष्मा बरोबर आहे. पेपर उलटा धरलाय." सगळी वस्ती हसायची, आजीही हसायची, आणि जाताना त्याच्या हातावर काहीतरी खायला ठेवायची.

त्याची बायको शिंपीण. घराची पुढची खोली तिची. खिडकीखाली मोटरवर चालणारं मोठं मशीन, भिंतीला कापायचं टेबल, दाराच्या मागे खुंट्यांवर अर्धवट कोट. ती मुख्यतः कोट शिवायची. स्टेशनाजवळच्या मोठ्या हॉटेलातल्या सगळ्या नोकरांचे कोट तिच्या हातचे असत. जाड कापड, आतून अस्तर, कॉलरला धार. शिवताना उजवा हात नुसता मागे असायचा. खरं काम डाव्या हाताच्या तर्जनीचं. सुईच्या अगदी पुढ्यात ते बोट ठेवून ती कापड वळवायची, आणि कापड कोकरासारखं बोटामागे चालायचं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवरा ऐकत नसेल पण कापड ऐकतं तिचं. त्यावर ती म्हणायची, "कापडाला इस्त्री करता येते. नवऱ्याला कुठून करायची?"

खाणींच्या रस्त्यावर धूळ म्हणजे पीठच. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असत. ती धूळ गाडीच्या चेनीवर बसायची, तेलात कालवली जायची आणि तिचा गाळ व्हायचा. चेन वेळच्या वेळी पुसून तेल दिलं नाही तर कुरकुरायची, ताणायची, दाते खायची. म्हणून दर सुट्टीच्या सकाळी अंगणात गाडी डबल स्टँडवर चढवायची, मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं, फडक्याने चेन पुसायची आणि कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायचा, असा त्याचा नेम होता. कंटाळवाणं काम. हात काळे होतात, कंबर धरते. पण नेम तो नेम.

तो दिवस सुट्टीचा नव्हता, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले म्हणून चेन राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या वस्तीवर जायचं, तिथे कुणीतरी म्हातारा डोळ्यांच्या तपासणीचा कागद घेऊन वाट बघत बसणार, आणि चेन अशी ओरडतेय की शेजारच्या खिडकीतून कुणी विचारलं, "गाडी आहे की रहाट?" तो घाईत. त्याने बायकोला हाक मारली, "अगं, जरा फडकं धरतेस का? मी वरून तेल सोडतो."

ती हातातली कात्री ठेवून आली. उकिडवी बसली. तिने चाकाला हात घातला, फिरवायला.

"तसं नको, वेळ जाईल," तो म्हणाला. त्याने गाडी चालू केली आणि पहिला गिअर टाकला. स्टँडवरच्या गाडीचं मागचं चाक आपोआप फिरायला लागलं. चेन सरसर पळायला लागली.

"अहो, बंद करा. मी फिरवते की हाताने."

"काही होत नाही. नुसतं फडकं टेकव. दोन मिनिटांचं काम."

हे करू नये हे त्याला ठाऊक होतं. गॅरेजवाल्या मिस्त्रीने कितीदा बजावलं होतं. तो स्वतः वस्तीवरच्या पोरांना ओरडायचा, चालत्या चेनीला फडकं लावताना पाहिलं तर. पण घाई माणसाच्या डोळ्यांवर बसली की कुठल्या नंबरचा चष्मा लागू पडत नाही. तिने फडकं टेकवलं. फडक्याचं टोक चेनीत ओढलं गेलं, तिने ते सोडवायला बोट पुढे केलं, आणि पुढच्या क्षणी ते दात्यांच्या चाकापाशी होतं.

ती किंचाळली नाही. "अगं आई" एवढंच म्हणाली, तेही हळू. तो आधी तिच्याकडे बघतच राहिला, मग गाडी बंद केली. त्या मधल्या क्षणाची त्याला पुढे जन्मभर लाज वाटणार होती.

दवाखान्यात नेईपर्यंत फडकं भिजून गेलं होतं. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. डॉक्टरांनी जखम नीट केली, टाके घातले, आणि नर्सने कागद पुढे ओढून विचारलं, "कशात सापडलं?"

त्याने तोंड उघडलं. काय सांगायचं याची जुळवाजुळव व्हायच्या आतच बायको म्हणाली, "मशीनच्या पट्ट्यात. शिवणाच्या."

नर्सने मान हलवली. "लक्ष कुठे होतं बाई?"

"नव्हतं," ती म्हणाली.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ धापा टाकत आला. तो सुतार होता. अंगावर भुसा तसाच, कानाला पेन्सिल तशीच. तापट माणूस, पण ताईवर जीव. "काय झालं ताई?" आणि ताईने भावालाही तेच सांगितलं. मोटरचा पट्टा. डोळा लागला होता जरासा. भाऊ तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिला, मग मेव्हण्याच्या नात्याने याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही होतात म्हणून बरं. लगेच आणलंत."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. त्या वेळी त्याला खरं काय वाटलं होतं, ते तो नंतर स्वतःशीसुद्धा उच्चारायला धजत नसे. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. बायकोच्या बोटाचं पेर ट्रेमध्ये कापसात गुंडाळून पडलेलं, आणि याच्या छातीतून सुस्कारा निघालेला.

घरी आल्यावर त्याने एकदा विषय काढून पाहिला. "तू तसं का सांगितलंस?"

"झालं ते झालं," ती म्हणाली. "आता त्याचं काय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगायची वेळ आली असती, म्हणून विचारलं नाही.

खोटं एकदा घरात आलं की पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसून राहत नाही. चार-आठ दिवसांत मेव्हणा हातगाडी घेऊन दारात उभा. गाडीवर त्यांच्या आईचं जुनं पायाने चालवायचं मशीन. "ताई, तुझं ते मोटरचं धूड मी घेऊन जातोय. माणूस खाणारी वस्तू घरात नको." ती नको नको म्हणत होती, पण तिचा हात गळ्यात बांधलेला आणि भाऊ हट्टाला पेटलेला. त्याने मशीन टेबलावरून सोडवलं, जाताजाता त्याला एक लाथही घातली. "चोर कुठलं."

चष्मेवाला दारात उभा होता. मशीन उचलताना एका बाजूने त्यानेच धरलं. दोनदा त्याची पकड सुटली, आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्हीपण खचलात. बसा जरा."

अंगणात मोटारसायकल डबल स्टँडवर उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

पायाच्या मशीनवर कोटाचं जाड कापड चालेना. शिवणी तुटायच्या, अस्तराला सुरकुत्या पडायच्या. त्यात बोट नाही. मधलं बोट पुढे करून वळवायला गेली की कापड तिरकं धावायचं. ती पुन्हा उसवायची, पुन्हा घालायची. पुढच्या खोलीतून पूर्वी मोटरची एकसुरी घरघर यायची. आता पायाखालची पावडी चालली, थांबली, चालली, थांबली, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

एका दुपारी हॉटेलच्या मॅनेजरबाई आल्या. नीटनेटक्या, बोलायला सभ्य. हाताची विचारपूस केली, फळं आणली होती ती टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "या वेळचे कोट मी दुसरीकडे टाकते. राग मानू नका. मशीनवर डुलकी लागते तुम्हाला असं कळलं, आणि आमचं कापड महागाचं असतं. उद्या बाहीच उलटी लागली तर?"

बायकोने "बरोबर आहे बाई," म्हटलं. ज्या बाईने इतक्या वर्षांत एक बटण वाकडं लावलं नव्हतं तिने ते ऐकून घेतलं, आणि बाई गेल्यावर खुंटीवरचे कोट घडी घालून पिशवीत भरले. चष्मेवाला मागच्या खोलीत एका चष्म्याला काडी लावत बसला होता. सगळं ऐकू येत होतं त्याला. तो बारीक स्क्रू त्याने इतका पिळला की काचेला तडा गेला.

त्यानंतर त्याच्या मनाला चैन म्हणून नव्हती. खाई त्याला खवखवे. वस्तीवर कुणी सहज विचारलं, "घरचं काय म्हणतंय?" तरी त्याला वाटायचं, ह्याला कळलंय. कुणी बायकोची कीव केली की तो पेटी आवरून पुढच्या वस्तीकडे निघायचा. घरी तो भलताच चांगला वागायला लागला. पाणी भर, झाडू मार, भाजी चिर. ती म्हणाली, "तुम्ही एवढं चांगलं वागू नका हो. शेजारच्यांना वाटतंय मी जगत नाही आता." ती हसली. त्याला हसता आलं नाही.

चेनीला मात्र त्याचा हात लागेना. फडकं घेऊन बसला की ते तसंच ठेवून उठायचा. चेन कोरडी पडली, आणि गाडी वस्तीत शिरायच्या आधी तिचं ओरडणं शिरायला लागलं. शेवटी मिस्त्रीने त्याला गॅरेजपाशी अडवलं.

"चेन तोडून घेशील एक दिवस. तेल का देत नाहीस?"

"जमत नाही."

मिस्त्रीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आतून एक खोका आणला. "मग हे लाव. आपोआप तेल देतं. एकानं मागवलं होतं, न्यायला आलाच नाही." खोक्यात एक छोटी तेलाची डबी, पातळ नळ्यांची भेंडोळी, आणि दोन टोकांचं एक नोझल. मिस्त्रीने समजावलं. इंजिन चालू असलं की ते हवा ओढतं; ती ओढ एका नळीने डबीपर्यंत आणायची. ओढ लागली की डबीतली झडप उघडते आणि तेल दुसऱ्या नळीने खाली उतरून चेनीवर पडतं. इंजिन बंद, झडप बंद. डबीवर फिरवायची चकती, थेंब कमी-जास्त करायला. "बोट लावायची गरजच नाही," मिस्त्री म्हणाला.

त्याने ते सहज म्हटलं होतं. चष्मेवाल्याने खोका छातीशी धरला आणि निघाला.

सुट्टीच्या सकाळी तो अंगणात कामाला बसला. बारीक काम करण्याची सवय असलेला माणूस. चष्म्याच्या स्क्रूपुढे हे म्हणजे बैलगाडीचं काम. सीटखालच्या चेसिसच्या दांड्याला पट्ट्या बांधून त्याने डबी उभी बसवली. ती सरळ उभी असली पाहिजे, आडवी झाली की हवा ओढणाऱ्या नळीतून तेल इंजिनात जायचं. मग हवेची नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जोडली. तेलाची नळी चेसिसच्या कडेकडेने मागे नेली, गरम सायलेन्सरपासून लांब, जागोजागी बांधून. राहिलं नोझल. ते मागच्या दातेरी चाकाच्या खालच्या बाजूला असं टेकवायचं की तेल चाकाच्या अंगावर पडावं आणि फिरण्याच्या जोराने दात्यांकडे, तिथून चेनीत जावं. तिथे हात न्यायची वेळ आली आणि तो थांबला. गाडी बंद होती. किल्ली त्याच्या खिशात होती. तरी त्याने खिसा चाचपून पाहिला.

"मी धरू का?"

बायको केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"नको, तू आत जा."

"एका हाताने नळी धरून दुसऱ्याने पट्टी कशी आवळाल?" ती उकिडवी बसली, अगदी त्याच जागी, आणि डाव्या हाताने नोझल धरलं. आखूड बोट बाजूला ताठ राहिलं होतं. नव्या कातडीचा गुलाबी शेंडा. तिने तो लपवला नाही. त्याला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, वरातीमागून घोडं. ते ऐकायला तो तयार होता. खरं तर तिने म्हणावं यासाठी त्याचा जीव तळमळत होता. 

ती म्हणाली, "थेंब किती वेळानं पडायला हवा?"

"मिनिटाला एखादा."

"मग तुम्ही त्या चकतीला एवढी का फिरवलीय? धारच लागेल."

"कमी नको पडायला," तो म्हणाला. शेजारचा निवृत्त मास्तर भिंतीवरून डोकावला. त्याने नळ्या पाहिल्या, चकचकीत डबी पाहिली. "वा! बोट कापलं मशीननं आणि थाटमाट गाडीचा? जखम मांडीला अन् मलम शेंडीला!" त्याला गंमत करायची होती. बायकोही कसंनुसं हसली. चष्मेवाल्याच्या हातातला पाना गळून खाली पडला. मास्तर आत गेला, पण त्याचं वाक्य अंगणातच राहिलं.

संध्याकाळपर्यंत तो कसाबसा थांबला. मग गाडी काढली. "चालवून बघतो," म्हणाला. कुठे ते सांगितलं नाही.

तो मेव्हण्याच्या वर्कशॉपकडे निघाला होता. गाडीचा आवाज असा बंद झाला होता की दुसऱ्याच कुणाची गाडी चालवतोय असं वाटावं. चेन रेशमासारखी पळत होती. पण बायको म्हणाली होती तेच खरं झालं. चकती जास्त उघडी होती. तेल चेनीवरून उडून टायरच्या कडेला लागत होतं, आणि लाकडाच्या वखारीचं वळण घेताना मागचं चाक सर्रकन सरकलं. तो पडला. वेग नव्हता म्हणून निभावलं. गुडघा सोलवटला, पॅन्ट फाटली, तळहात खरचटले. गाडी बाजूला आडवी होऊन चाक फिरवत राहिली. त्याने लंगडत जाऊन आधी ती बंद केली. टायर पुसला, चकती पिळून जवळजवळ मिटवली, आणि उरलेला रस्ता गाडी ढकलत गेला.

मेव्हण्याने त्याला तसं येताना पाहिलं आणि हातातला रंधा टाकून धावला. "अहो दाजी! काय हे?" त्याला स्टुलावर बसवलं, बादलीभर पाणी आणलं, स्वतः खाली बसून गुडघा धुतला. "तुमच्या घराला कुणाची नजर लागलीय? आधी ताई, आता तुम्ही. चहा सांगू?" तो फडक्याने जखम टिपत होता, सुताराचे राठ हात, पण लहान मुलाला लावावेत तसे हलके लावत होता. हे सहन होण्यासारखं नव्हतं. शिव्या सोप्या गेल्या असत्या.

समोर भिंतीपाशी बायकोचं मशीन पडलं होतं, भुशाने माखलेलं. त्याची मोटर काढून मेव्हण्याने एका फळीवर बसवली होती आणि तिला लाकूड घासायची चकती लावली होती.

"तिचं बोट ह्या मशीननं नाही घेतलं," चष्मेवाला म्हणाला.

मेव्हण्याला आधी कळलंच नाही. "काय म्हणता?"

"माझ्या गाडीच्या चेनीनं घेतलं. ती नको म्हणत होती. गाडी मी चालू केली. ती बंद करा म्हणाली, मी नाही केली. दवाखान्यात ती खोटं बोलली आणि मी गप्प बसलो. तू हे मशीन उचललंस तेव्हाही मी गप्प बसलो. उलट एका बाजूनं धरू लागलो तुला."

फडकं मेव्हण्याच्या हातात तसंच राहिलं. मग तो उठला. त्याच्या तापटपणाबद्दल सगळ्यांना माहिती होतं, आणि चष्मेवाला स्टुलावर बसून वाट बघत होता. पण मेव्हण्याने हात उचलला नाही. तो मशीनपाशी गेला, हाताने त्यावरचा भुसा झटकला, आणि पाठमोराच म्हणाला, "मी ह्याला लाथ मारली होती."

"हो."

"तुम्ही बघत होतात."

"हो."

"उठा," मेव्हणा म्हणाला. "तिकडचं टोक धरा. आणि मला दाजीबिजी म्हणायला लावू नका आता."

मोटर सोडवून, पुसून, पुन्हा मशीनला जोडायला त्यांना वेळ लागला. पाना मागायचा तरी मेव्हणा नुसता हात पुढे करायचा. मग हातगाडीवर मशीन, मागे मोटारसायकल ढकलत हा, अशी ती मिरवणूक गल्लीत आली. मास्तर भिंतीपाशी होताच. या खेपेला त्याला काही म्हण सुचली नाही.

बायकोने दार उघडलं. मशीन पाहिलं, भावाचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा गुडघा पाहिला. सगळं एका नजरेत तिच्या लक्षात आलं.

"सांगितलंत?"

"हो."

त्याला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, नाहीतर ती म्हणेल बरं केलंत. तिचा चेहरा लाल झाला. भाऊ मशीन आत ठेवून, "ताई, मी उद्या येतो," म्हणून निघून गेला, आणि दार लागल्यालागल्या ती कडाडली.

"कुणाला विचारून सांगितलंत?"

"अगं, तुझंच नाव खराब होत होतं..."

"माझं होतं ना? मग मला विचारायला काय झालं होतं? त्या दिवशी मी गाडी बंद करा म्हणाले, ऐकलं नाही. आज सांगायला गेलात, तेव्हाही विचारलं नाही. तुमचं ओझं तुम्ही उतरवून आलात. मी ते खोटं काय म्हणून धरून बसले होते त्याचा विचार आला का मनात?"

"माझ्यासाठीच ना? मला वाचवायला."

"तुमच्यासाठी!" ती हसली, पण ते हसू नव्हतं. ती कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. "तुमच्याशी लग्न करते म्हटलं तेव्हा सगळं घर विरोधात होतं. फिरत्या माणसाचा काय भरवसा, मोटारसायकलवरचा संसार, असं बोलले सगळे. आई शेवटपर्यंत म्हणायची, हा माणूस तुला एक दिवस रस्त्यावर आणेल. मी म्हणायचे, माझी पारख आहे. माझ्या पारखीला नाव ठेवायला नको कुणी, म्हणून बोलले मी तसं. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. ती गोष्ट माझी होती, आणि तुम्ही ती वाटून आलात."

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. इतके दिवस तो तिच्या उपकाराखाली वाकला होता, आणि उपकार वेगळाच निघाला. पण त्याने अपराध हलका झाला असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. उलट आणखी एक वाढला. तो खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं. दोन्ही वेळा."

ती टेबलापासून दूर झाली. मग मशीनकडे गेली, मोटरचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. तिने एक चिंधी सुईखाली सरकवली, मधल्या बोटाने वळवली. तिरकीच गेली, पण जाड कापड चाललं.

"आता सांगितलंच आहे तर अर्धवट नको," ती पाठ न वळवता म्हणाली. "हॉटेलात जा. मॅनेजरबाईंना सांगा. मला झोप लागत नाही मशीनवर. कधीच नाही लागली."

तो दुसऱ्या दिवशी गेला. मॅनेजरबाईंनी ऐकून घेतलं, मग त्याच्याकडे पाहिलं, माणूस पाहावा तसं नाही, डागाळलेलं कापड पाहावं तसं. म्हणाल्या, "कोट तर दुसरीकडे दिलेत आता. पुढच्या वेळी बघू." त्याने मान डोलावली. पुढच्या वेळी त्यांनी निम्मे कोट दिले, ते वेळेत झाले, मग सगळे आले. पण मधले दिवस अवघड गेले. बायकोला मधलं बोट शिकवायला कितीतरी चिंध्या वाया घालवाव्या लागल्या. कॉलरची धार पहिल्यासारखी यायला पावसाळा उलटला.

मेव्हणा पुढे घरी यायचा तो ताईशी बोलायचा. याच्याशी बोलायचा तेव्हा हवा, रस्ते, लाकडाचा भाव, एवढंच. दाजी ही हाक परत यायला फार वेळ लागला, आणि आली तेव्हा तिच्यात पूर्वीचा लाड नव्हता. चष्मेवाल्याने तक्रार केली नाही. गल्लीत गोष्ट पसरलीच होती. वस्त्यांवरही पोचली. कुणी तोंडावर विचारलं तर तो सांगायचा, झालं तसं, स्वतःची बाजू न लावता. चेनीवर थेंब मिनिटाला एकच पडत होता. नीट बसल्यावर त्या डबीने कधी त्रास दिला नाही. ज्यांच्या गाड्या खाणीच्या रस्त्याने जात त्यांच्यापैकी दोघातिघांनी तसली डबी त्याच्याकडून बसवून घेतली. आधी गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दे, मगच बसतो, असं तो म्हणायचा, आणि त्याचं कुणाला हसू यायचं नाही.

बायकोने माफ केलं असं कधी म्हटलं नाही. त्यानेही विचारलं नाही. संसार चालू राहिला, भांडणं झाली, थट्टा झाली. फक्त एक गोष्ट नव्याने सुरू झाली. आखूड बोटाच्या चिमटीत बारीक सुई धरून दोरा ओवणं तिला जमेना, कोटाच्या हातशिलाईला तर सुया फार लागत. म्हणून सकाळी निघायच्या आधी तो खिडकीपाशी बसायचा, उजेडाकडे सुई धरायचा आणि एकामागून एक ओवून सुयांच्या छोट्या गादीवर टोचून ठेवायचा. पांढरे दोरे एका रांगेत, काळे दुसऱ्या.

असं बरंच चाललं. एका सकाळी ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"जमतं आता मला," ती म्हणाली. "कधीचंच जमतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि त्याने पुढची सुई उचलली.